एका आडनावाची माणसं

(आकाशवाणीवरून प्रसारित झालेल्या भाषणाचा संपादित मजकूर)



आपल्यापैकी अनेकांनी अजिंठ्याची लेणी पाहिली असतील. दहाव्या क्रमांकाच्या लेण्यात एक खांब आहे. त्या खांबावर, जुन्या चित्राच्या अंगावरच, एका इंग्रज अधिकाऱ्यानं आपलं नाव कोरून ठेवलं आहे. जॉन स्मिथ. खाली पलटणीचं नाव आणि तारीख, २८ एप्रिल १८१९. मद्रासच्या फौजेतला हा अधिकारी वाघाच्या शिकारीसाठी त्या डोंगरात आला होता आणि झाडाझुडपांत दडलेली लेणी त्याच्या नजरेला पडली. लेणं तेव्हा दगडमातीनं इतकं भरलेलं होतं, की तो त्या ढिगाऱ्यावर उभा राहिला होता. म्हणून आज ते नाव आपल्या डोक्याच्या वर दिसतं. नाव वाचायला मान वर करावी लागते.

मी ते नाव पहिल्यांदा पाहिलं तेव्हा कॉलेजात होतो. बरोबरच्या मित्राला म्हटलं, "या माणसानं एवढी मेहनत करून नाव कोरलं, पण उपयोग काय? इंग्लंडात जॉन स्मिथ म्हणजे आपल्या पडेगावातल्या शेखसारखं. हाक मारली की दहाजण वळून बघतील."

मित्र हसला. मी मात्र नंतर बराच काळ त्या वाक्याचा विचार करत राहिलो. कारण मी स्वतः पडेगावचा शेख आहे.

पडेगाव म्हणजे छावणी ओलांडून दौलताबादच्या रस्त्याला लागलं की येतं ते. आमच्या शहरानं खडकी, फतेहनगर, औरंगाबाद आणि आता छत्रपती संभाजीनगर अशी नावं पाहिली. तेव्हा नावाचा विषय आमच्याकडे काही नवा नाही. आज मात्र मी आपल्याशी शहराच्या नव्हे, आडनावाच्या नावाविषयी बोलणार आहे. फार लोकांचं असलेलं आडनाव घेऊन जगणं म्हणजे काय, याविषयी.

इंग्रजांची पुष्कळ आडनावं धंद्यावरून आली. स्मिथ म्हणजे धातूचं काम करणारा, आपला लोहार. बेकर म्हणजे पाव भाजणारा. टेलर म्हणजे शिंपी. माझे अब्बा छावणीत शिलाई मशीन चालवायचे. मी तिकडे जन्मलो असतो तर टेलर झालो असतो. आपल्याकडेही हे आहेच. आत्तार, तांबोळी, बागवान, पिंजारी, मणियार, शिकलगार ही सगळी धंद्यावरून पडलेली नावं. आत्ताराच्या घरात आज अत्तराची कुपी नसेल आणि पिंजाऱ्याच्या घरी गादी दुकानातून येत असेल, पण आडनाव आजोबाचा धंदा सांगत राहतं.

शेख हा शब्द वेगळ्या जातीचा. मूळ अरबी. अर्थ म्हातारा माणूस, वयानं मोठा. मग त्यातून घरातला, टोळीतला, मदरशातला मोठा. इजिप्तच्या अल-अझहर या जुन्या विद्यापीठाच्या प्रमुखाला आजही शेख म्हणतात. काश्मीरचे शेख अब्दुल्ला, बांगलादेशाचे शेख मुजीबुर रहमान, यांच्या नावात शेख पुढे येतो. आपल्याकडे येईपर्यंत हा मान घरोघर पसरला. बाहेरून आलेले शेख झाले, इथंच धर्म स्वीकारलेली कारागीर कुटुंबंही शेख झाली. मोठेपणाचा शब्द इतक्या लोकांत वाटला गेला, की मोठेपणा पातळ झाला आणि शब्द उरला. मराठीनं तर त्याची गंमतच केली. फुशारकी मारणाऱ्याला आपण काय म्हणतो? शेखी मिरवतो! आमच्याच शब्दापासून झालेली ही 'शेखी'.

आमच्या मराठवाड्यात शेख नावाच्या मागे नसतो, पुढे असतो. आणि तो दोनदा येतो, एकदा आपल्या नावाआधी, एकदा वडिलांच्या नावाआधी. सातबाऱ्यावर, शाळेच्या हजेरीपटावर एवढं लिहायला जागा नसते, म्हणून तलाठी आणि गुरुजी नुसतं 'शे.' लिहितात. पुढे टिंब. पुण्या-मुंबईकडे गेलं की तेच शेख शेवटी जाऊन बसतं. मग एकाच माणसाची कागदं एकमेकांना ओळखत नाहीत. रेशनकार्डावरचा माणूस वेगळा, बँकेतला वेगळा, मतदार यादीतला तिसराच. मला तिन्ही ठिकाणी जाऊन सांगावं लागलं आहे, की साहेब, हे तिघेही मीच.

याच्या उलटंही होतं. माझ्या घरापासून चौथ्या गल्लीत एक गॅरेज आहे. त्याच्या मालकाचं नाव अक्षर न् अक्षर माझंच आहे. वडिलांच्या नावासकट. त्यांच्या कर्जाच्या हप्त्याचा कागद माझ्याकडे येतो आणि माझी दिवाळी अंकाची पार्सलं त्यांच्याकडे जातात. पोस्टमननं शेवटी स्वतःपुरती व्यवस्था केली. त्यांना तो 'गॅरेजवाले शेख' म्हणतो आणि मला 'कागदवाले'.

तर अशा या गर्दीच्या आडनावाची कोण कोण माणसं आपल्या मातीत होऊन गेली, ते जरा पाहू.

आमच्या दारावरून जाणारा रस्ता दौलताबादवरून पुढे खुलताबादला जातो. तिथं शेख बुऱ्हाणुद्दीन गरीब यांची कबर आहे. दिल्लीच्या निजामुद्दीन औलियांचे ते शिष्य. मुहंमद तुघलकानं राजधानी दौलताबादला हलवली, त्या काळात ते इकडे आले आणि १३३७ साली इथंच त्यांनी देह ठेवला. त्यांचे वारस शेख जैनुद्दीन. यांच्या नावातला शेख हे आडनाव नव्हतं, पदवी होती. लोकांनी दिलेली. खानदेशच्या फारुकी राजांनी तापीच्या काठी शहर वसवलं, त्याला बुऱ्हाणुद्दीनांवरून बुऱ्हाणपूर नाव दिलं आणि पलीकडच्या काठाला जैनुद्दीनांवरून जैनाबाद. ज्यांच्या नावात 'गरीब' होतं, त्यांच्या नावाचं शहर झालं.

याच रस्त्यावरच्या देवगिरीशी दुसऱ्या एका शेखाचा धागा जोडलेला आहे. श्रीगोंद्याचे संतकवी शेख महंमद. परंपरा त्यांना चांद बोधले यांचे शिष्य मानते. एकनाथ महाराजांचे गुरू जनार्दनस्वामी हेही चांद बोधल्यांचेच शिष्य, असं तीच परंपरा सांगते. म्हणजे नाथांचं घराणं आणि शेख महंमदांचं घराणं एकाच ओट्यावरून उठलेलं. मालोजीराजे भोसल्यांची त्यांच्यावर श्रद्धा होती, असंही सांगतात. सतराव्या शतकात त्यांनी 'योगसंग्राम' हा ओवीबद्ध ग्रंथ लिहिला. माणसाचं स्वतःच्या विकारांशी चाललेलं युद्ध, असा त्याचा विषय. भाषा मराठी, तीही रोखठोक. ढोंग हिंदूचं असो की मुसलमानाचं, त्यांनी कुणाची गय केली नाही. आपण मुसलमान आहोत हे त्यांनी कवितेत कुठं झाकलं नाही आणि विठ्ठलाची ओढही झाकली नाही. आज कुणी आम्हाला विचारतं, "तुम्ही मराठीत कधीपासून लिहायला लागलात?" तेव्हा उत्तर साडेतीनशे वर्षांहून जुनं असतं.

मग येते फातिमा. १८५६ सालच्या ऑक्टोबर महिन्यात सावित्रीबाई फुले आजारी होत्या, म्हणून माहेरी नायगावला राहिल्या होत्या. तिथून त्यांनी जोतीरावांना पत्र लिहिलं. त्या पत्रात फातिमाचा उल्लेख आहे. माझ्या पाठीमागे तिच्यावर कामाचा भार पडत असेल, पण ती कुरकुर करणार नाही, अशा अर्थाचं ते बोलणं आहे. जोतीराव-सावित्रीबाईंना घर सोडावं लागलं, तेव्हा पुण्यात उस्मान शेख यांनी त्यांना आसरा दिला, असं फुल्यांचे चरित्रकार सांगतात. फातिमा त्या घरातली. पण श्रोतेहो, मला त्या पत्रातली एक गोष्ट फार मोलाची वाटते. सावित्रीबाईंनी नुसतं 'फातिमा' लिहिलं आहे. आडनाव लिहिलेलं नाही. बरोबर काम करणाऱ्या बाईला आपण आडनावानं कुठं ओळखतो? ती कुरकुर करते की करत नाही, यावरून ओळखतो.

आणि मग अमर शेख. शाहीर अमर शेख. १९१६ साली बार्शीत जन्मले. गिरणीत राबले, तुरुंगात गेले. अण्णा भाऊ साठे आणि द. ना. गवाणकर यांच्याबरोबर १९४४ साली लाल बावटा कलापथक उभं केलं. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात त्यांचा डफ आणि पहाडी आवाज ज्यांनी ऐकला, ते म्हातारपणीही त्याविषयी बोलताना खुर्चीत ताठ बसायचे. 'कलश' आणि 'धरतीमाता' हे त्यांचे कवितासंग्रह. आचार्य अत्र्यांनी त्यांना महाराष्ट्राचा मायकोव्हस्की म्हटलं. १९६९ साली इंदापूरजवळ अपघातात ते गेले.

पण या सगळ्यात प्रसिद्ध शेखाची गंमत अशी, की ते जन्मानं शेख नव्हतेच. त्यांचं मूळ नाव मेहबूब हुसेन पटेल. गावगाड्यात पटेल म्हणजे मानाचं, वतनाचं नाव. ते मागे राहिलं आणि ज्या नावाची दहा माणसं प्रत्येक मोहल्ल्यात सापडतात, ते नाव पुढे आलं. या बदलाचा अर्थ मी माझ्यापुरता असा लावतो, की शाहिराला गर्दीतलंच नाव शोभतं. त्यांच्या मुलीनं, मलिकाताईंनी, पुढे लिहायला सुरुवात केली, तेव्हा नाव लावलं मलिका अमर शेख. १९७९ साली 'वाळूचा प्रियकर' हा त्यांचा कवितासंग्रह आला, नंतर 'मला उद्ध्वस्त व्हायचंय' हे आत्मचरित्र. बापानं घेतलेलं अख्खं नावच मुलीचं आडनाव झालं.

सिनेमाची आवड असणाऱ्यांना फारूख शेख आठवतील. गुजरातेत जन्मले, मुंबईत वाढले. १९८३ साली सई परांजप्यांच्या 'कथा'त त्यांनी चाळीत घुसून सगळ्यांना टोप्या घालणारा बाशू केला. मुंबईच्या चाळीतल्या त्या मराठी मंडळींत हा शेख इतका मिसळून गेला, की आमच्या घरी व्हिडिओवर तो सिनेमा पाहताना शेजारच्या काकू त्याला मनापासून शिव्या देत होत्या. नटाला याहून मोठं बक्षीस कोणतं?

आता थोडं माझं सांगतो. या थोरांच्या ओळीत बसण्यासाठी नव्हे, तर ही ओळ मला माहीत नव्हती तेव्हा काय झालं, हे सांगण्यासाठी.

मी बी.ए.ला मराठी घेतलं आणि कविता करू लागलो. १९९२चा डिसेंबर आणि १९९३चा जानेवारी, ते दिवस आपल्याला आठवत असतील. त्या सुमारास मी शहरात भाड्यानं खोली शोधत होतो. एका घरी खोली पसंत पडली, भाडं ठरलं. मालकांनी जाता जाता आडनाव विचारलं. दुसऱ्या दिवशी सामान घेऊन गेलो, तर खोली कालच दुसऱ्याला दिल्याचं कळलं. मालक वाईट नव्हते. त्यांनी मला पाणी दिलं. पण माझ्या डोळ्याला डोळा दिला नाही.

त्या रात्री मी कवितांच्या वहीवरचं नाव खोडलं. एक टोपणनाव घेतलं. छान मराठी, ज्यावरून घर, गल्ली, धर्म काही कळणार नाही असं. त्या नावानं कविता पाठवल्या, त्या छापून आल्या. रविवारच्या पुरवणीत पहिली कविता आली, तेव्हा मी अंक घेऊन धावत घरी आलो. अम्मीला वाचता येत नव्हतं. मी कवितेवर बोट ठेवून म्हटलं, ही माझी. तिनं अंक हातात घेतला, आडवा धरला, उभा धरला आणि आमच्या दखनीत विचारलं, "इसमें तेरा नाम कां है?"

मी त्या टोपणनावावर बोट ठेवलं. ती म्हणाली, "ये तो किसी और का है." आणि भाकरी थापायला बसली.

मला तिचा राग आला. पुढे आठ-नऊ वर्षं मी त्याच नावानं लिहीत राहिलो. मी मनाला सांगत होतो, की कवीला कसला आलाय धर्म, कवितेला कशाला हवं आडनाव. वाक्य खरं होतं. पण ते म्हणण्यामागचं माझं कारण खोटं होतं. कविता मोकळी राहावी म्हणून मी नाव बदललं नव्हतं. मी घाबरलो होतो.

एकदा श्रीगोंद्याकडच्या एका गावात कविसंमेलन होतं. कविता झाल्यावर एक म्हातारे वारकरी जवळ आले. गळ्यात माळ, डोक्याला मुंडासं. कविता आवडली म्हणाले आणि मग गावाकडची नेहमीची चौकशी सुरू झाली. गाव कोणतं, घर कुणाचं, नाव काय. त्यांच्यापुढे खोटं बोलवेना. खरं नाव सांगितलं. त्यांनी दोन्ही हात जोडले. म्हणाले, "म्हंजी आमच्या शेख महंमदबाबाच्या नावाचं तुम्ही! मग त्ये झाकून ठिवलं व्हय?"

झाकून ठेवलं का, या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हतं. ज्या नावानं मला शहरात खोली मिळाली नव्हती, त्याच नावापुढे हा माणूस हात जोडून उभा होता. दोन्ही वेळा मी काहीच केलं नव्हतं. वाईटही नाही, चांगलंही नाही. परत येताना एसटीत मी शेख महंमदांचा विचार करत होतो, आणि याचा, की मराठीचा पदवीधर असून मी त्यांना परीक्षेच्या एका टीपेपलीकडे वाचलं नव्हतं. त्यानंतरची कविता मी माझ्या नावानं पाठवली. ती छापून आली, तेव्हा अम्मी नव्हती.

श्रोतेहो, इथं मला पुन्हा तो खांबावरचा स्मिथ आठवतो. आपल्या महाराष्ट्राच्या इतिहासात त्याच सुमारास आणखी एक स्मिथ होऊन गेला. जनरल स्मिथ. दुसऱ्या बाजीरावाच्या पाठलागावर असलेला. फेब्रुवारी १८१८ मध्ये सोलापूरकडच्या आष्टीला त्याच्या फौजेशी लढताना बापू गोखले पडले. त्यानंतर जेमतेम सव्वा वर्षानं दुसरा स्मिथ अजिंठ्याच्या डोंगरात शिरला. एकाच्या पाठलागात पेशवाईचा शेवट झाला, दुसऱ्यामुळे जगाला अजिंठा पुन्हा दिसला. पण या स्मिथनं काय केलं, याचा जाब त्या स्मिथला कुणी विचारत नाही. दोघांचं आडनाव एक, हा योगायोग आहे असं आपण मानतो आणि ते बरोबरच आहे.

मग आमच्या बाबतीत तसं का होत नाही? सकाळच्या पेपरात कुठल्या तरी गुन्ह्यात एखादा शेख पकडल्याची बातमी येते आणि आमच्या गल्लीतले सगळे शेख त्या दिवशी चहाच्या टपरीवर जरा कमी बोलतात. कुणी काही म्हणत नाही. तरी कमी बोलतात. त्या माणसाशी आमचं नातं एवढंच, की तलाठी त्याच्याही नावाआधी 'शे.' लिहून टिंब देतो.

पण मग न्यायानं बोलायचं तर दुसरी बाजूही मान्य करावी लागेल. त्या गुन्हेगाराचं पाप माझं नसेल, तर शेख महंमदांचं पुण्यही माझं नाही. अमर शेखांच्या डफावर माझा हक्क नाही. फातिमेनं न कुरकुरता केलेलं काम माझ्या खात्यावर जमा होत नाही. आडनावाच्या जोरावर थोरांची यादी वाचून दाखवणं म्हणजे शब्दशः शेखी मिरवणं. मग मी ती यादी तुम्हाला का वाचून दाखवली? एवढ्यासाठी, की कुठल्या तरी खोलीबाहेर सामान घेऊन उभ्या असलेल्या एखाद्या पोराला ती माहीत असावी. हक्क सांगायला नव्हे. आपण या भाषेत पाहुणे नाही, एवढं कळायला. मला ते तेविसाव्या वर्षी कळायला हवं होतं, बत्तिसाव्या वर्षी कळलं.

माझी मुलगी आता कॉलेजात आहे. मागे ती एक अर्ज भरत होती. मला म्हणाली, "अब्बा, शेख पुढे लिहू की मागे?" मी म्हटलं, "कुठंही लिही, पण सगळ्या कागदांवर एकाच जागी लिही. नाहीतर म्हातारपणी फेऱ्या मारशील." यापेक्षा मोठा उपदेश मला सुचला नाही.

शेवटी गॅरेजवाल्या शेखांची गोष्ट सांगून थांबतो. मागच्या दिवाळीत माझी कविता असलेल्या अंकाचं पार्सल नेहमीप्रमाणे त्यांच्याकडे गेलं. या वेळी ते स्वतः घेऊन आले. पाकीट फोडलेलं होतं. हात ऑइलनं काळे, म्हणून अंक त्यांनी फडक्यात धरला होता. म्हणाले, "कागदवाले, माफ करा, वाचली. गिऱ्हाईकं मला विचारतात, शेखभाई, तुम्ही कविता पण करता का? आधी मी नाही म्हणायचो. आता हो म्हणतो. पण शेवटच्या चार ओळी काही जमल्या नाहीत. पुढच्या वेळी जरा नीट लिहा. माझंही नाव आहे ते."

मी घरात जाऊन त्या चार ओळी पुन्हा वाचल्या. त्यांचं म्हणणं बरोबर होतं.